लस दिल्यावर बाळाला ताप का येतो?

दीड महिन्याच्या बाळाला लस देऊन घरी आणलं की संध्याकाळपर्यंत अंग तापतं. मांडीवर सुई टोचलेली जागा लाल होते, हात लावला की बाळ किंचाळतं. घरात सगळी रात्र जागून काढतात. मग कोणीतरी वडीलधारं माणूस म्हणतं, "चांगलं हसतंखेळतं लेकरू होतं, सुई देऊन आजारी पाडलं." पुढच्या महिन्यात लसीची तारीख येते आणि निघून जाते. किराडपुरा असो, रोशनगेट असो की शहागंज, आपल्या शहरातल्या अनेक घरांत लसीकरण अर्धवट राहतं ते या एका रात्रीच्या धास्तीने. म्हणून हा ताप नेमका काय असतो, हे आपण नीट समजून घेऊ.

शरीर आत काय करतं?

भाजी चिरताना बोट कापलं तर थोड्या वेळाने ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि ठणकते. हे जखमेमुळे झालं असं आपल्याला वाटतं. खरं तर ते शरीराने स्वतः केलेलं काम असतं. तिथल्या रक्तवाहिन्या रुंद होतात, रक्त जास्त येतं आणि त्यासोबत पांढऱ्या पेशी पोचतात. या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. बाहेरून जंतू शिरला का, हे त्या तपासतात.

लस टोचल्यावरही हेच होतं. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला जी पेंटाव्हॅलंट लस देतात, ती घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ 'ब' आणि हिब या पाच रोगांपासून वाचवते. तिच्यात जिवंत जंतू नसतो. मेलेला जंतू, त्याचे तुकडे किंवा निकामी केलेलं विष असतं. पण पहारेकऱ्यांना ओळख पटवायला तेवढं पुरतं.

या पेशी रक्तातून मेंदूपर्यंत निरोप पाठवतात. गिझरला जसं तापमान ठरवायचं बटण असतं, तशी व्यवस्था मेंदूच्या तळाशी आहे. निरोप मिळाला की मेंदू ते बटण वर सरकवतो. मग अंग गार आहे असं वाटून थंडी वाजते, हातपाय गार पडतात, शरीर थरथरून उष्णता तयार करतं. वाढलेल्या तापमानात अनेक जंतूंची वाढ मंदावते आणि पांढऱ्या पेशींचं काम जोरात चालतं. म्हणजे असा ताप हा रोग नाही, शरीराने चालवलेली तयारी आहे.

ही तयारी एक-दोन दिवसांत संपते, पण आठवण मागे राहते. त्या जंतूला ओळखणाऱ्या काही पेशी वर्षानुवर्षं टिकतात. पुढचा डोस ही ओळख पक्की करतो. म्हणून पहिला डोस देऊन दुसरा चुकवणं म्हणजे धडा अर्धवट सोडणं. आणि ताप आला नाही तर लस फुकट गेली असंही नाही. तापाशिवायही शरीर शिकतं.

गोवर आठवण पुसतो

न शिकलेल्या शरीराचं काय होतं, हे महाराष्ट्राने २०२२ मध्ये पाहिलं. मुंबईत गोवंडी, मग भिवंडी आणि मालेगाव इथे गोवर पसरला, मुलं दगावली. त्यांतल्या बऱ्याच मुलांना लस मिळालेली नव्हती. गोवर झालेल्या एका रुग्णापासून, लस न घेतलेल्या लोकांत, १२ ते १८ जणांना लागण होऊ शकते. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहतो.

आपल्याकडे गोवराला (खसऱ्याला) "लहानपणी सगळ्यांनाच होतो" म्हणून सोडून देतात. पण हा विषाणू त्या आठवणीच्या पेशींवरच हल्ला करतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात लस न घेतलेल्या मुलांची तपासणी झाली होती. गोवरानंतर त्यांच्या रक्तात आधी जमलेली इतर रोगांविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं नाहीशी झाली होती. म्हणून गोवरातून उठलेलं मूल पुढे न्यूमोनिया किंवा जुलाबाने गंभीर होऊ शकतं. लसीमुळे अशी आठवण पुसली जात नाही.

गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांत देतात. हिचा ताप त्याच रात्री नाही, तर साधारण आठवड्याभराने येऊ शकतो, कधी थोडे पुरळही दिसतात. हे माहीत नसलं की आई घाबरते.

भीती नवी नाही

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. डॉ. हाफकिन यांनी लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. लोक तरीही घाबरत होते. तेव्हा अवघ्या १९ वर्षांच्या आगाखान तिसरे यांनी आपल्या खोजा अनुयायांसमोर जाहीरपणे लस घेतली, आणि त्यांच्यानंतर हजारो लोक पुढे आले.

आपल्या जिल्ह्याचा अनुभव तर ताजाच आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये कोरोना लसीकरणात आपण राज्यातल्या ३६ जिल्ह्यांत २६ व्या क्रमांकावर होतो. शेवटी लस घेतल्याशिवाय रेशन आणि पेट्रोल देऊ नये, असा आदेश प्रशासनाला काढावा लागला. सक्तीने रांग लागते, पण मनातली शंका समजावल्याशिवाय जात नाही.

दीनच्या बाजूने पाहिलं तर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी उपचार करण्याचीच शिकवण दिली आहे. हजला जाणारा प्रत्येक हाजी मेंदूज्वराची लस घेऊनच जातो. लस घेतल्याने रोजा तुटत नाही, हेही २०२१ च्या रमजानआधी सौदी अरेबियाच्या ग्रँड मुफ्तींनी सांगितलं होतं. दुआ आणि दवा सोबत चालतात.

त्या रात्री काय करावं?

- लस दिल्यावर अर्धा तास केंद्रातच थांबा. क्वचित येणारी तीव्र अ‍ॅलर्जी बहुधा याच वेळात दिसते.
- बाळाला वारंवार अंगावर पाजा. गोधडीत गुंडाळू नका, हलके कपडे घाला.
- टोचलेली जागा चोळू नका. हळद, तेल, चुना लावू नका. स्वच्छ ओलं फडकं ठेवलं तरी चालतं.
- पॅरासिटामॉलचा डोस बाळाच्या वजनावर ठरतो. सिस्टर किंवा डॉक्टर सांगतील तेवढंच द्या. अ‍ॅस्पिरिन देऊ नका.
- जन्मानंतरच्या बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी फोड येतो, थोडं पाणी किंवा पू येतो आणि वण राहतो. ते अपेक्षितच असतं. दाबू नका, मलम लावू नका.

बाळाला झटका आला, ते लुळं पडलं, श्वास घ्यायला त्रास झाला, चेहरा सुजला, तीन तासांहून जास्त सतत रडलं किंवा ताप दोन दिवसांत उतरला नाही, तर घरी थांबू नका. घाटी रुग्णालयात किंवा जवळच्या डॉक्टरांकडे लगेच न्या. आणि लस दिलेली नसताना तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला, तर तो नेहमीच धोक्याचा समजा.

डोस चुकला असेल तर "आता काय उपयोग" म्हणू नका. गोवर-रुबेलाची राहिलेली लस पाच वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात मोफत मिळते. आज घरातल्या लहान मुलांची कार्डं काढून तारखा पाहा. जागा रिकामी दिसली तर आशाताईला किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा. आणि दादी-नानीलाही सांगा की या तापात बाळाचं शरीर लढायला शिकत असतं.