ईश्वरी कोपाचा निकाल वाचणार कोण?

न्यायाधीशाने रागावू नये, हा न्यायशास्त्राचा पहिला धडा होय. ज्यास समोरच्या आरोपीचा वैयक्तिक संताप आला असेल त्याने त्या खटल्यापुरते तरी न्यायासन सोडावे, हे कोर्टातील नवशिक्या वकिलासही कळते. असे असता ख्रिस्ती धर्मग्रंथ परमेश्वरास एकीकडे परम न्यायी म्हणतो आणि दुसरीकडे त्याच्या कोपाचे वारंवार वर्णन करतो, ह्या दोन गोष्टींचा मेळ बसावयाचा कसा? आमच्याकडील कित्येक सुशिक्षितांनी ह्या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे ठरवून टाकिली आहेत. काही म्हणतात, ख्रिस्त्यांचा देव म्हणजे दुर्वासाचा दुसरा अवतार. काही म्हणतात, त्यांचा देव इतका क्षमाशील की, पापाची कबुली दिली म्हणजे हिशेब मिटला. आमच्या मते ही दोन्ही उत्तरे एकतर्फी हुकूमनाम्याच्या जातीची आहेत. परधर्माविषयी मत देण्यापूर्वी त्या धर्माची बाजू पुरतेपणी ऐकून घ्यावी, एवढी शिस्त आम्ही पाळलीच पाहिजे. त्यात कोणाच्या धर्मांतराचा प्रश्न नाही. आमच्या विचाराच्या सचोटीचा मात्र आहे.

हा कोप कशाबद्दल आहे, ते प्रथम पाहू. बायबलाचा जो पूर्वभाग ख्रिस्ती लोक जुना करार ह्या नावाने ओळखतात, त्यात आमोस नावाच्या संदेष्ट्याचे एक लहानसे पुस्तक आहे. आमोस ख्रिस्तापूर्वी आठव्या शतकात होऊन गेला. तो पुरोहित नव्हता. मेंढरे राखणे व उंबराच्या झाडांची निगा करणे हा त्याचा धंदा. ईश्वराचा कोप ओढवणार म्हणून त्याने जी फिर्याद मांडिली आहे, तिच्यातील कलमे आमच्या पेठेतील व्यापाऱ्यांनी अवश्य नजरेखालून घालावी. सणाचा दिवस केव्हा संपतो आणि दुकान केव्हा उघडतो असे ज्यांस झाले आहे. जे माल देताना माप लहान आणि दाम घेताना वजन भारी ठेवितात. जे काटा मारितात. जे गव्हात भुसकट मिसळतात आणि एका जोड्याच्या किमतीत गरीब मनुष्यास विकत घेतात, अशांवर हा कोप आहे. एवढेच नव्हे, तर असल्या लोकांचे उत्सव, त्यांची गायने व त्यांचे बली ईश्वरास नकोसे झाले आहेत, असेही हा मेंढपाळ निर्भीडपणे बजावितो. मोशेच्या नियमशास्त्रातही विधवा, पोरके व परदेशी ह्यांस गांजणाऱ्यांविषयी कोपाची हीच भाषा आहे. मानभंग झालेला राजा चिडतो तो प्रकार निराळा आणि ज्याची दाद कोणीच घेत नाही त्याच्या वतीने उठलेला हा कोप निराळा. खुद्द येशू ख्रिस्ताच्या चरित्रात क्रोधाचे प्रसंग थोडे आहेत, पण त्यांचा रोख हाच आहे. यरुशलेमेच्या मंदिराच्या आवारात सराफांची मेजे तो उलथून टाकतो. आणि वाळलेल्या हाताच्या मनुष्यास शब्बाथाच्या दिवशी बरे करणे हा नियमभंग होय, असे मानून टपून बसलेल्यांकडे तो रागाने पाहतो.

तेव्हा निष्पक्षपणा व निर्विकारपणा ह्या दोन गोष्टी एक समजून चालणार नाही. पक्षकारांत भेदभाव न करणे हे न्यायाधीशाचे भूषण. परंतु पोरक्या मुलाची इस्टेट चुलत्याने गिळली असता ज्यास काहीच वाटत नाही, त्याच्या हाती कायदा देण्यास आम्ही तयार होणार नाही. चौथ्या शतकाच्या आरंभी लॅक्टॅन्शियस नावाच्या लॅटिन पंडिताने ईश्वराच्या कोपावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. जो दुष्टपणावर रागावूच शकत नाही त्याच्या ठिकाणी सज्जनांविषयी प्रीती तरी कोठून असणार, असा त्याच्या युक्तिवादाचा आशय आहे. त्याच्याही पूर्वी, दुसऱ्या शतकात, मार्सियन नामक गृहस्थाने कोपणारा देव निराळा व प्रीती करणारा देव निराळा अशी वाटणी करून पाहिली होती. रोम येथील ख्रिस्ती मंडळीने १४४ च्या सुमारास त्यास बहिष्कृत केले. ह्याचा अर्थ जुन्या करारातील प्रत्येक कथा आमोसाच्या तागडीत बरोबर उतरते असा मात्र नव्हे. बैलांना ठेच लागून कराराचा कोश पडेल म्हणून त्यास हात लावणारा उज्जा जागच्या जागी मरतो, ही कथा आजही ख्रिस्ती टीकाकारांस अडचणीची वाटते. दावीद राजासही त्या प्रसंगाने खेद व भय वाटले, असे तो ग्रंथच प्रांजळपणे सांगतो.

हे झाले तत्त्व. व्यवहारात ह्या तत्त्वाची काय अवस्था होते ते पाहण्यास एक इतिहासप्रसिद्ध उदाहरण आहे. ता. १ नोव्हेंबर १७५५ रोजी शनिवार होता व सर्व संतांचा सण होता. पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथील देवळे सकाळच्या उपासनेसाठी भरली होती. साडेनवाच्या सुमारास भूकंपाचे धक्के बसू लागले आणि माथ्यावरची छते उपासकांवर कोसळली. किनाऱ्याकडे पळाले त्यांस तासाभराच्या आत समुद्राच्या लाटांनी गाठले. वेदींवरील मेणबत्त्या व घरोघरच्या चुली ह्यांपासून लागलेली आग पाच-सहा दिवस धुमसत राहिली. राजवाडा, त्यातील ग्रंथालय, त्याच वर्षी उघडलेले संगीतनाटकगृह आणि सर्व संतांच्याच नावाचे मोठे रुग्णालय, सर्व गेले. मृतांचे अंदाज दहा हजारांपासून साठ हजारांपर्यंत निरनिराळे आहेत. ज्या राज्याने १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशनचे धर्मन्यायासन बसवून श्रद्धेचे मोजमाप चालविले होते, त्याच राज्याच्या राजधानीवर, तीही सणाच्या दिवशी, हा प्रसंग आला.

आता निकालपत्राचे वाचक पुढे आले. गाब्रिएल मालाग्रिदा हा मूळचा इटालियन जेझुइट धर्मगुरू ब्राझीलमध्ये बरीच वर्षे मिशनकार्य करून आलेला व लोकांत साधू म्हणून मानलेला होता. त्याने १७५६ मध्ये पुस्तिका काढून असे प्रतिपादिले की, भूकंपाचे कारण निसर्गात शोधणे हेच पाप होय. नाटके, नाचगाणी व बैलांच्या झुंजी ह्यांबद्दलची ही शिक्षा आहे. आणि लोकांनी निवारे बांधण्याची धडपड सोडून प्रायश्चित्तास लागावे. इंग्लंडात मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली ह्यासही त्यात ईश्वराचा हात दिसला; परंतु त्याच्या लिखाणाचा रोख इन्क्विझिशनने सांडलेल्या रक्ताकडे होता. फ्रान्सातील जान्सेनपंथीय लेखकाने तिसरेच कलम लाविले; त्याच्या मते दोषी ते जेझुइट! एकच निकालपत्र, तीन वाचक, आणि प्रत्येकास त्यात आपल्या प्रतिपक्षाचेच नाव लिहिलेले आढळले. कोणत्याही कोर्टात अशा दस्तऐवजाकडे संशयाने पाहिले जाईल. आरोपपत्र कोणी पाहिले नव्हते, पुरावा कोणी घेतला नव्हता, आणि ज्यांस शिक्षा झाली म्हणावयाचे त्यांत रुग्णालयातील आजारी होते व मांडीवरची मुलेही होती.

ह्या वेळी मंत्री कार्व्हाल्यो, जो पुढे पोंबालचा मार्क्विस म्हणून प्रसिद्ध झाला, त्याने प्रेतांची विल्हेवाट लाविली, धान्याचे भाव चढू दिले नाहीत, आणि प्रत्येक धर्मग्रामाकडे प्रश्नावली धाडून धक्का किती वेळ टिकला, माणसे किती मेली, समुद्र आधी चढला की ओसरला, ही माहिती गोळा करविली. भूकंपशास्त्राचा आरंभ ह्या प्रश्नावलीपासून मोजण्याची वहिवाट आहे. परंतु विवेकाच्या ह्या कैवाऱ्याचाही पाय घसरला. जेझुइटांशी त्याचे हाडवैर जडले; १७५९ मध्ये त्यांस पोर्तुगीज मुलखातून हद्दपार करण्यात आले; आणि ज्या धर्मन्यायासनावर कार्व्हाल्योचा सख्खा भाऊ बसला होता, त्याच्याच निकालाने सत्तरी उलटलेल्या मालाग्रिदास पाखंडी ठरवून ता. २१ सप्टेंबर १७६१ रोजी गळा आवळून मारण्यात व जाळण्यात आले. म्हाताऱ्याने लिस्बनच्या मृतांस जो न्याय दिला, तसलाच त्यास मिळाला. मनुष्याचा राग धर्माची पगडी घालून येवो वा राज्याची, न्यायाच्या आसनावर तो सारखाच भयंकर असतो.

विशेष हे की, मालाग्रिदाच्या युक्तिवादाचे खंडन शोधण्यासाठी व्हॉल्टेअरपर्यंत जाण्याचे कारण नव्हते. ते त्याच्या स्वतःच्या धर्मग्रंथात होते. ईयोबाच्या पुस्तकात सत्त्वशील ईयोबावर संकटांची परंपरा कोसळते. त्याचे मित्र सांत्वनास येतात आणि पाहता पाहता सरकारी वकील होऊन बसतात. तू काहीतरी केले असलेच पाहिजेस, हा त्यांचा एकच हेका. शेवटी ईश्वराचा कोप होतो खरा, पण तो ईयोबावर नव्हे. देवाची वकिली करणाऱ्या ह्या मित्रांवर होतो. तसेच, शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे ठार झाली तेव्हा ती इतरांहून अधिक पापी होती काय, हा प्रश्न येशूनेच काढिला, त्याचे उत्तर नाही असे दिले, आणि ऐकणाऱ्यांस स्वतःच्या आचरणाकडे पाहावयास सांगितले.

ह्याच्याही पुढे जाऊन आम्ही असे म्हणतो की, संकट हाच अपराधाचा पुरावा मानला तर ख्रिस्ती धर्माचा पायाच उखडतो. कारण ज्यास ते तारणारा म्हणतात तो सरकारी हुकुमाने, गुन्हेगारांच्या मध्ये, क्रूसावर मेला. आणि देवाने ह्यास टाकिले असे म्हणून हसणारे प्रेक्षक तेथेही होते. ह्या मरणाने न्याय कसा साधला, ह्याविषयी त्यांच्या शास्त्रकारांनी केलेला खल वकिलांस मोठा मनोरंजक वाटेल. कॅन्टरबरीच्या ॲन्सेल्मने १०९८ मध्ये पुरा केलेल्या ग्रंथात हे प्रकरण जणू दिवाणी मानले: मनुष्याने ईश्वराचा मान बुडविला, ते देणे ख्रिस्ताने फेडिले. कायद्याचे शिक्षण घेतलेल्या कॅल्विनच्या हाती ते फौजदारी झाले: अपराध्याची शिक्षा निरपराध्याने आपणावर घेतली. ह्यावर सोसिनसने १५९४ मध्ये आक्षेप घेतला की, कर्ज दुसऱ्याने फेडिता येते, पण शिक्षा दुसऱ्यास भोगिता येत नाही. आणि कर्ज पुरे फिटले असेल तर क्षमा ती कसली? आंतरराष्ट्रीय कायद्याचा आद्य आचार्य ग्रोशियस ह्याने १६१७ मध्ये उत्तर दिले की, ईश्वर येथे सावकार नसून कायद्याची प्रतिष्ठा व प्रजेचे हित राखणारा शास्ता आहे. हा वाद अद्यापि मिटलेला नाही. तथापि एक गोष्ट बहुतेक ख्रिस्ती आचार्यांस मान्य आहे: त्यांच्या श्रद्धेप्रमाणे न्यायाधीश स्वतःच आसनावरून उतरून आरोपीच्या पिंजऱ्यात येऊन उभा राहिला. असे ज्याचे मत आहे, त्याने पीडितांविरुद्ध फिर्यादी व्हावे हे कोणत्याच रीतीने शोभत नाही.

हा दोष परक्यांचाच आहे असे मानून कोणी स्वस्थ बसू नये. ता. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात भूकंप झाला तेव्हा अस्पृश्यतेच्या पापाचे हे शासन होय, असे महात्मा गांधींनी जाहीरपणे म्हटले. अस्पृश्यता हे पाप आहे ह्याविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. परंतु बिहारच्या ढिगाऱ्याखाली अस्पृश्यही सापडलेच होते. रवींद्रनाथ ठाकुरांनी ह्या विधानास उघड हरकत घेतली आणि असला युक्तिवाद महात्माजींपेक्षा त्यांच्या विरोधकांसच अधिक सोयीचा आहे, हे दाखवून दिले. आमच्या महाराष्ट्रात ता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून गावे निजली असता, किल्लारी व आसपासच्या खेड्यांत हजारो लोक मृत्यू पावले. ते दगडमातीच्या जाड भिंती व माळवदांचा भार ह्यांखाली चिरडले गेले. लिस्बनच्या भूकंपानंतर १७५६ मध्ये रूसोने व्हॉल्टेअरला पत्र लिहून, सहा-सहा सात-सात मजल्यांची दाटीची घरे काही निसर्गाने बांधिली नव्हती, ह्याची आठवण दिली होती. ती आजही देण्यासारखी आहे.

सारांश, ईश्वराच्या कोपाची कल्पना टाकून द्यावी असे आमचे म्हणणे नाही. दुबळ्याचा तळतळाट विश्वात कोठेतरी नोंदला जातो, ही श्रद्धा अनेक धर्मांत आहे व तिने पुष्कळ दांडग्यांचे हात आवरले आहेत. मात्र ती फिर्याद प्रत्येकाने स्वतःविरुद्ध वाचावयाची आहे, शेजाऱ्याविरुद्ध नव्हे. शेजाऱ्याची भिंत पडली तर आधी दगड उचलावे. मग ती कोणी बांधिली, तीत चुना किती व माती किती, तपासणीचा दाखला कोणी दिला, हे विचारावे. आणि ज्यास ईश्वरी न्यायाची खरोखर भीती वाटते त्याने त्या रात्री दुकान बंद करण्यापूर्वी आपली तागडी एकदा तपासून पाहावी.