गल्ल्याचा हिशेब आणि देहाचा ताळेबंद

धनत्रयोदशीस आपण वैद्य मंडळी धन्वंतरीचे पूजन करतो आणि पाठोपाठ लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी पुण्याच्या पेठांतील व्यापारी नव्या वह्यांस हळदकुंकू वाहतात. (२०१६ पासून धनत्रयोदशीस होणारा आयुर्वेद दिन २०२५ पासून २३ सप्टेंबरला आला, वैद्याघरचे पूजन मात्र तिथीलाच होते.) रोज रात्री पैन्‌पैचा मेळ घालणारा हा व्यावसायिक स्वतःच्या देहाची वही मात्र क्वचितच उघडतो, असे आमच्या निदर्शनास वारंवार येते.

रात्री नऊनंतर आमच्याकडे येणाऱ्या रुग्णांत किराणा, स्टेशनरी, शिलाई, छपाई असे लहान व्यवसाय एकहाती चालविणारे पुष्कळ असतात. दुपारचे जेवण चार वाजता, तेही गिऱ्हाईक सांभाळत उभ्याने. दुकानात दुसरे कोणी नाही आणि शौचालय दोन गल्ल्या पलीकडे, म्हणून मूत्रवेग तासन्‌तास रोखलेला. रात्री साडेदहाला आकंठ भोजन आणि लगेच शय्या. अम्लपित्त, मलावष्टंभ, अर्श, प्रमेह ही पुढील मालिका वाचकांस सांगणे नको. तेरा अधारणीय वेगांसाठी चरकाचार्यांनी सूत्रस्थानात स्वतंत्र अध्याय योजिला, तो काही उगाच नव्हे.

दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवण्याच्या पुणेरी रीतीची थट्टा पुष्कळ झाली. त्यातील निद्रेचे समर्थन आम्हीही करणार नाही. दिवास्वाप सर्वांस विहित आहे तो ग्रीष्मापुरताच. परंतु त्या रीतीमुळे मालक वेळेवर घरी जेवत असे, हे विसरता येत नाही. २०१७ मध्ये चितळे बंधूंनीही दुपारी दुकाने उघडी ठेवण्यास आरंभ केला. त्याच वर्षी आलेल्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमाने आठवड्याचे सातही दिवस व्यवसाय खुला ठेवण्याची मुभा दिली. हा कायदा कामगारास साप्ताहिक सुट्टी देतो. मालकाची सुट्टी मालकाच्याच हाती राहते, आणि तो ती घेत नाही.

आत्मपरीक्षणाचा विचार यासाठी बाहेरून आणावा लागत नाही. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात कार्यारंभापूर्वी परीक्षण करावयाच्या दहा गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांतील पहिली म्हणजे कारण, अर्थात कर्ता. चिकित्सेत तो भिषक्. म्हणून त्याने रुग्णाआधी स्वतःची परीक्षा करावी, हे कार्य सिद्धीस नेण्यास मी समर्थ आहे की नाही हे पाहावे, असा आदेश आहे. ज्ञान, कर्माभ्यास व दक्षतेबरोबर सर्व इंद्रिये धड असणेही तेथे अपेक्षिले आहे. व्यवसायाचा कर्ता मालकच असल्याने हीच परीक्षा त्यासही लागू पडते. त्रैषणांतही प्राणैषणेचे स्थान पहिले, धनैषणेचे त्यानंतर.

वाग्भटाचार्यांनी तर दिनचर्येच्या अध्यायाअखेर, आपले दिवस आणि रात्री कशा स्थितीत जात आहेत याचे नित्य स्मरण ठेवावयास सांगितले आहे. व्यापाऱ्यास ही सवय लावणे सोपे, कारण वही त्याच्या हाताशीच असते. गल्ला मोजून झाल्यावर त्याच वहीच्या मागील पानावर जेवणाची वेळ, रोखलेले वेग, निद्रा आणि आज क्रोध कोणावर आला एवढे टिपावे. मधुमेह वा रक्तदाबाच्या रुग्णाने तपासण्या आणि चालू औषधे सांभाळूनच हे करावे, हेही सांगावयास हवे.

येथे आपणही सुटत नाही. भाड्याची जागा, औषधांचा साठा, एखादा मदतनीस असे आपले चिकित्सालय हाही लहान व्यवसायच. जो वैद्य चिकित्सेला विक्रेय वस्तू मानतो, तो सोन्याची रास टाकून धुळीची रास पत्करतो, असा चरकाचार्यांचा कठोर आशय आहे. कपाटात मुदत संपत आलेले औषध आणि समोरच्या रुग्णास हवे असलेले औषध यांची गाठ आपल्या लेखणीत कशी पडते, हे ज्याने त्याने आपल्या मागील पानावर लिहून पाहावे. जे वैद्य स्वतःच औषध देतात, त्यांच्यासाठी हा प्रश्न अधिकच अवघड आहे.

नारायण पेठेतील एका दुकानदारांस आम्ही अशी वही ठेवावयास सुचविले होते. तीन आठवड्यांनी त्यांनीच आम्हांस दाखविले की, छातीत जळजळ झाली त्या प्रत्येक दिवशी घाऊक व्यापाऱ्याचा माणूस दुपारी वसुलीस आला होता आणि जेवण राहून गेले होते. आम्ही औषध बदलले नाही. त्यांनी वसुलीस सकाळी दहाची वेळ ठरवून दिली.