अज्ञात अपराध्याचा शोध आणि संख्याशास्त्र

वर्ध्यालगत सावंगी (मेघे) येथें वैद्यकीय महाविद्यालयाचें मोठें रुग्णालय आहे. अत्याचार झालेली एखादी स्त्री अशा रुग्णालयांत येते आणि ‘तो कोण होता, ठाऊक नाहीं’ असें सांगते, तेव्हां पोलिसांपुढें कोणतें साधन उरतें? पूर्वीं अनुभवी अधिकारी अंदाज बांधीत. आतां तें काम संख्याशास्त्राकडे सोंपवूं पाहतात.

रीत अशी. उलगडलेल्या गुन्ह्यांच्या नोंदी घ्यावयाच्या; वेळ, स्थळ, धमकीची तऱ्हा ह्यांचा पुढें सांपडलेल्या अपराध्याच्या वयाशीं, पूर्वीच्या शिक्षेशीं, घराच्या अंतराशीं कसा मेळ बसतो तें मोजावयाचें, आणि त्यावरून नव्या गुन्ह्यांतील अज्ञात माणसाविषयीं संभव वर्तवावयाचा. १७६३ सालीं प्रसिद्ध झालेल्या थॉमस बेझ ह्यांच्या सिद्धान्ताचा हा विस्तार होय. परंतु भारतांत नोंद झालेल्या बलात्कारांपैकीं शंभरांत नव्वदांहून अधिक प्रकरणीं आरोपी ओळखीचाच असतो. म्हणून अनोळखी अपराध्यांचीं कोष्टकें थोड्या नोंदींवर उभीं राहतात. जे कधींच सांपडले नाहींत, ते तर त्यांत नसतातच!

समजा, वर्धा, सावंगी व भोंवतालचीं गांवें मिळून ३०,००० प्रौढ पुरुष आहेत, आणि काढलेलें वर्णन शंभरांत दोघांनाच लागू पडतें. ऐकावयास तें फार नेमकें वाटतें. तरीहि जुळणारे पुरुष ६०० भरतात, आणि अपराधी, त्यांत असलाच तर, एक. ह्या यादीवरून कोणाचें दार आधीं ठोठावावें हें कळेल. कोणास कोठडींत घालावें हें कळणार नाहीं.

वर्णनालाच पुरावा मानल्यास काय होतें, हें लंडनमध्यें दिसलें. विंबल्डनच्या माळावर १९९२ सालीं एका तरुण मातेवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. तेथील वर्णन मानसशास्त्रज्ञाचें होतें, पण चूक हीच. पोलीस एका निरपराध माणसामागें लागले. १९९४ त न्यायाधीशांनीं तो खटला मोडीत काढला. मधल्या काळांत, १९९३ च्या नोव्हेंबरांत, खऱ्या अपराध्यानें आणखी एक आई आणि तिची लहान मुलगी मारली होती. त्या रॉबर्ट नॅपरनें २००८ त गुन्हा कबूल केला. जपून ठेवलेल्या नमुन्यांतील डीएनएनें त्याला गांठलें होतें.

विदर्भांत आणखी एक धोका आहे. १८७१ पासूनच्या कायद्यांनीं कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. ते कायदे १९५२ पर्यंत गेले, पण पारध्यांवरील संशय फिटला नाहीं. ज्याची चौकशी अधिक, त्याची नोंद अधिक. आणि नोंदींवर शिकलेलें यंत्र पुन्हा त्याच पालाकडे बोट दाखवील. महाराष्ट्र शासनानें २०२४ सालीं पोलिसांसाठीं ‘मार्वल’ ही कृत्रिम बुद्धिमत्तेची संस्था नागपुरास काढली, तेव्हांपासून हा प्रश्न वर्ध्याच्या अगदीं शेजारीं आला आहे.

त्या सहाशेंतून एक माणूस वेगळा काढण्याचें सामर्थ्य मोहोरबंद नमुन्यांत असतें. खबर मिळाल्यापासून २४ तासांच्या आंत, स्त्रीच्या संमतीनें, तिला तपासणीसाठीं डॉक्टरांकडे पाठवावें असा कायदा आहे. रुग्णालय सरकारी असो वा खाजगी, उपचार विनामूल्य. जातांना अंगावरचे कपडे न धुतां, कागदांत गुंडाळून, तसेच न्यावेत.