खुडूक कोंबडीचें मोल

पेण व रोहा तालुक्यांत परसांतील कोंबडी म्हणजे घरच्या बायकांच्या हातचें उत्पन्न होय. गांवठी कोंबडी वर्षास साधारण ५० ते ६० अंडीं देते. व्यापारी लेगहॉर्न ३०० च्या आसपास. हा आंकडा पाहून कित्येक शेतकरीबंधु गांवठी जात मोडावयास निघतात. परंतु जमाखर्च पुरता मांडावयास हवा.

गांवठी कोंबडी दहाबारा अंडीं घालून खुडूक बसते, २१ दिवस तीं उबविते आणि पुढें पिलें सांभाळते. या अवधींत ती अंडीं देत नाहीं. तिचा आंकडा लहान दिसण्याचें हें एक मुख्य कारण. लेगहॉर्नमधून हा गुण निवडीनें घालविला आहे, म्हणून तिचीं पिलें यंत्रावर काढावीं लागतात. परसासाठीं हैदराबादेस तयार केलेली वनराजा अंडीं अधिक देते, पण तीही सहसा खुडूक बसत नाहीं. म्हणजे पिलें दर खेपेस विकतच आणणें आलें. उलट गांवठी कोंबडी किडे, वाळवी व सांडलेले दाणे वेंचून बरेंचसें पोट भरते आणि घार दिसतांच पिलांस पंखांखालीं घेते.

तरी सुधारलेली जात अवश्य पाळावी, पण निदान दोनचार गांवठी माद्या राखाव्या. नर मात्र दुसऱ्या गांवचा आणावा, म्हणजे सगोत्र संकर टळेल. मानमोडीवर औषध नाहीं. लस वेळेवर टोंचविणें हाच उपाय. जात एकदां परसांतून गेली, म्हणजे बाजारांत शोधूनही शुद्ध मिळणें कठीण.