गाण्यांची गोत्रं : एका पुराची तीन गाणी

आवडत्या गाण्यांची यादी करायला बसलं की रॉक इकडे, लोकसंगीत तिकडे आणि हिप-हॉप म्हणजे पोराटोरांचं, अशी वाटणी करून आपण मोकळे होतो. माझ्या यादीतलं एक गाणं मात्र या वाटणीला दाद देत नाही. 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स', म्हणजे 'बांध फुटतो तेव्हा'. तिन्ही घरं फिरून आलेलं गाणं आहे ते.

२१ एप्रिल १९२७ रोजी अमेरिकेत ग्रीनव्हिल गावाच्या वरच्या अंगाला, माउंड्स लँडिंगला, मिसिसिपी नदीकाठचा मातीचा बांध फुटला. त्या वर्षीच्या पुरात सुमारे ७०,००० चौरस किलोमीटर मुलूख पाण्याखाली गेला आणि सहा लाखांहून जास्त माणसं बेघर झाली. त्यांत कापसाच्या मळ्यांवर राबणारे कृष्णवर्णीय मजूर फार. ग्रीनव्हिलमध्ये तर त्यांना बांधावरच्या छावण्यांतून हलू दिलं नाही, बंदुकीच्या धाकावर कामाला जुंपलं. एकदा गेलेला मजूर परत येणार नाही, ही मळेवाल्यांची धास्ती.

दोन वर्षांनी, १९२९ मध्ये, मेम्फिस मिनी आणि तिचा नवरा कॅन्सस जो मॅकॉय यांनी न्यूयॉर्कमध्ये या पुरावरचं हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. जात ब्लूजची, म्हणजे अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या लोकसंगीताची. गातो जो, पण कान लावावा तो मिनीच्या गिटारीकडे. विषय एवढा भीषण, आणि तिची बोटं मात्र हलकी, जवळजवळ ठेका धरायला लावणारी. रडारड कुठेच नाही. घर गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी ज्या कोरड्या आवाजात हकिगत सांगतो, तो सूर इथे आहे. या तिन्ही गाण्यांतलं सर्वांत धीट मला हेच वाटतं.

लेड झेपलिन या रॉक बँडनं ते १९७१ च्या आपल्या चौथ्या अल्बममध्ये घेतलं आणि हकिगत बाजूला सारून पाणीच आणलं. बँडचा गिटारवादक जिमी पेज, गायक रॉबर्ट प्लँट यांची नावं सगळ्यांना ठाऊक असतात. इथला खरा कर्ता ड्रमर जॉन बॉनम, आणि त्याच्याबरोबर ध्वनिमुद्रक अँडी जॉन्स. इंग्लंडात हॅम्पशरमधल्या हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या इमारतीत हे काम चाललं होतं. एके काळी तिथे गरिबांसाठीचं 'वर्कहाउस' होतं. त्या काळी स्टुडिओत ड्रमला माइक अगदी चिकटवून लावत, घुमारा नको म्हणून कातड्याला कापडही लावत. जॉन्सनं उलटं केलं. ड्रम जिन्याखालच्या उंच दालनात मांडले आणि दोन माइक वरून, जिन्यातून खाली सोडले. म्हणजे टेपवर नुसता ड्रम उतरला नाही, ते दालनही उतरलं.

पुढची करामत कंप्रेसरची. मोठा आवाज दाबायचा आणि लहान वर आणायचा, हे त्या यंत्राचं काम. त्यामुळे दोन ठोक्यांच्या मधला, भिंतींवरून परतणारा आवाज फुगून पुढे येतो. शिवाय पेजच्या 'बिन्सन' एको यंत्रानं प्रत्येक ठोक्यामागे त्याची सावली जोडली. चाल संथ, वजन अफाट. बॉनम घाई करत नाही, हीच भीती. चढत्या पाण्यालाही घाई नसते.

 

आता हिप-हॉप. झेपलिनच्या गाण्याची सुरुवात निव्वळ ड्रमनं होते. गिटार नाही, गळा नाही. रॅपवाल्याला अशी मोकळी जागा सोन्याहून मोलाची, कारण तीच पुन्हा पुन्हा फिरवून तिच्यावर बोलता येतं. चाल संथ असल्यानं शब्दांना ऐसपैस जागा मिळते. बीस्टी बॉइज या रॅप गटातल्या अ‍ॅडम याउकनं टेपचा तेवढा तुकडा कापला, टोकं जोडली आणि तो खुर्च्यांभोवती ताणून टेपरेकॉर्डरवर फिरवत ठेवला. १९८६ च्या 'लायसन्स्ड टू इल'मधलं पहिलंच गाणं, 'राइमिन अँड स्टीलिन', याच ठोक्यावर उभं आहे. वर ब्लॅक सॅबथ या रॉक बँडची गिटारही उचललेली. शब्द चाचेगिरीचे, बाष्कळ. पूर नाही, बांध नाही, मजूर तर नाहीच. तरी मला ते आवडतं, कारण चोरीची कबुली शीर्षकातच आहे. पुढे १९९१ मध्ये एका खटल्यात अमेरिकी न्यायालयानं परवानगीशिवाय दुसऱ्याचा तुकडा वापरायला मनाई केली, आणि अशा उचलेगिरीला भाव फुटला.

त्याआधीचं देणं मात्र अर्धवटच राहिलं. झेपलिननं अल्बमवर मेम्फिस मिनीचं नाव आपल्या नावांसोबत घातलं, हे त्यांच्या बाजूनं नोंदवलं पाहिजे. इतर ब्लूज गाण्यांच्या बाबतीत त्यांचा हात एवढा मोकळा नव्हता. पण जो मॅकॉयचं नाव तिथे नव्हतं. तो १९५० मध्येच गेला होता. अल्बम आला तेव्हा मिनी मेम्फिसमध्ये अर्धांगानं आजारी होती. १९७३ मध्ये ती गेली.

तिन्ही गाणी ऐकणार असाल तर उलट्या क्रमानं ऐका, १९८६ पासून १९२९ कडे. आधी मिनीचं ऐकलंत तर बाकीची दोन उगाच आरडाओरडा वाटतील, आणि तो बॉनमवर अन्याय होईल.