पडद्यावरचा काळा दगड

बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढताना काळ्या बसाल्ट खडकाचे कडे आपण पाहिले असतील. आमच्या एका विद्यार्थ्याने अशाच एका कड्याचे छायाचित्र घेतले आणि तो स्वतः रचत असलेल्या संगणक-खेळातील भिंतीवर चढविले. खेळातील भिंत हा मुळात कोरा, सपाट आकार असतो. तिला दगडाचे किंवा मातीचे रूप देणाऱ्या चित्राला 'पोत' म्हणतात. भिंत उभी राहिली, पण तिच्यावर चौकोनी डाग दिसू लागले. त्याने जेपेग स्वरूपातील चित्र पीएनजी स्वरूपात बदलले. फाईल कितीतरी मोठी झाली, डाग मात्र तसेच! "सर, असे का?" त्याने विचारले.

चित्र म्हणजे रंगांच्या असंख्य ठिपक्यांची जाळी. एका ओळीत पन्नास ठिपके काळे असतील, तर पन्नास वेळा 'काळा' लिहिण्याऐवजी 'काळा, ५० वेळा' असे लिहिता येते. जागा वाचते आणि काहीही हरवत नाही. पीएनजीची पद्धत याच जातीची आहे. जेपेग मात्र चित्राचे ८ × ८ ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि डोळ्यांना सहसा न जाणवणारे बारीक फरक टाकून देते. ज्वारी दळल्यावर पीठ डब्यात भरले काय किंवा पोत्यात, दाणे परत मिळत नाहीत. त्या विद्यार्थ्याने पीठच मोठ्या पोत्यात भरले होते!

मग सर्व पोत पीएनजीतच का ठेवू नयेत? १०२४ × १०२४ ठिपक्यांचे चित्र घ्या. लाल, हिरवा व निळा मिळून प्रत्येक ठिपक्याला ३ बाइट, म्हणजे एकूण ३१,४५,७२८ बाइट झाले. खेळाडू मान वळवील तसा चित्रातील कोणताही ठिपका क्षणात हवा असतो. पीएनजी किंवा जेपेगमध्ये अमुक ठिपका कोठे सापडेल हे गणिताने सांगता येत नाही. त्यामुळे आधी सारे चित्र स्मृतीत उलगडावे लागते, आणि खेळात असे पोत शेकड्यांनी असतात.

यावर १९९० च्या दशकाच्या अखेरीस एस-थ्री या अमेरिकन कंपनीने एक युक्ती काढली. आज तिला बीसी-१ म्हणतात. चित्राचे ४ × ४ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनासाठी दोन रंग नोंदवायचे, प्रत्येकी १६ बिट. त्या दोहोंच्या मधले दोन रंग यंत्र स्वतः काढते. आता चार रंगांपैकी कोणता, हे सांगायला प्रत्येक ठिपक्याला २ बिट पुरतात. एकूण ३२ + ३२ = ६४ बिट, म्हणजे ८ बाइट. आपल्या चित्रात असे ६५,५३६ चौकोन होतात. त्यांना ५,२४,२८८ बाइट लागतात. मूळच्या बरोबर एक-षष्ठांश! शिवाय प्रत्येक चौकोन ८ बाइटचाच असल्याने हवा तो लगेच सापडतो.

किंमत मात्र मोजावी लागते. काळा दगड, हिरवे पान आणि पिवळे फूल एकाच चौकोनात आले, तर दोन रंगांच्या मधल्या छटांत तिसरा बसत नाही. तो बिघडतो, आणि उलट रूपांतराने सुधारत नाही.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' हा हाताने रंगविलेल्या पोतांचा खेळ २०२० मध्ये प्रथम निन्टेंडो स्विचवर आला. या यंत्राची स्मृती ४ गिगाबाइट. त्याच वर्षी तो संगणकावरही आला. यंत्र बदलले की सोयीचे स्वरूपही बदलू शकते. संगणकावर बीसी-१ चालते, तर अनेक फोनांवर एएसटीसी. म्हणून नियम एकच : मूळ चित्र काहीही न हरवणाऱ्या स्वरूपात जपून ठेवावे आणि प्रत्येक रूपांतर त्या मुळापासूनच करावे.

करून पाहा : आलेख-कागदावर ४ × ४ चौकटीत एखादे फूल रंगवा. मग कोणतेही दोन रंग आणि त्यांच्या मधल्या दोन छटा, एवढ्यांतच ते पुन्हा काढा. काय हरवले, हे तुमचे तुम्हालाच दिसेल.