क्रेडिट कार्डाचं बिल भरलं, पण जमा कधी होतं?



मागच्या व्हिडिओत दुकानाच्या खरेदीसाठी क्रेडिट कार्ड कसं वापरायचं ते बोललो. एक गोष्ट राहून गेली, आणि नेमका तिचाच मला एकदा चांगला फटका बसलाय.

दिवाळीच्या आधीचे दिवस. बिलाच्या शेवटच्या तारखेला रात्री गल्ला मोजून झाल्यावर एका ॲपवरून ६०,००० रुपये भरले. खात्यातून पैसे कटल्याचा मेसेज आला, शटर ओढलं, घरी गेलो. सकाळी होलसेलवाल्याकडे माल काढून ठेवलेला, कार्ड स्वाइप केलं तर डिक्लाइन! लिमिट मोकळी झालीच नव्हती. पैसे जमा झाले तिसऱ्या दिवशी. तोवर माझे आकाशकंदील आणि माळा दुसऱ्या दुकानदाराने उचलल्या होत्या. वर पुढच्या स्टेटमेंटमध्ये व्याज आलं ते वेगळंच, कारण माझ्या बँकेने पैसे पोहोचल्याची तारीख धरली.

म्हणजे तुमच्या खात्यातून पैसे जाणं आणि कार्डावर जमा होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मध्ये किती वेळ जाईल ते तुम्ही कुठल्या रस्त्याने पैसे पाठवता त्यावर आहे.

ज्या बँकेचं कार्ड, त्याच बँकेत खातं असेल तर नेटबँकिंगने बहुतेक वेळा लगेच जमा होतं. दुसऱ्या बँकेतून एनईएफटी केली तर ती अर्ध्या अर्ध्या तासाच्या बॅचमध्ये जाते. डिसेंबर २०१९ पासून ती रात्री आणि रविवारीही चालू असते. तरी पैसे बँकेत पोहोचले म्हणजे कार्डाच्या हिशोबात लगेच दिसतील असं नाही, एखादा दिवस हाताशी ठेवा. ॲपवरून, यूपीआयने भरलं तर बऱ्याचदा काही मिनिटांत होतं, पण कधी दोन-तीन दिवसही लागतात. त्या "कधी"मध्येच मी सापडलो. चेक ड्रॉप बॉक्समध्ये टाकणारे अजून असतील तर बॉक्स कधी उघडतात ती वेळ त्यावर वाचा. मी तर म्हणतो, चेक नकोच.

ऑटो डेबिट लावलंय म्हणून निर्धास्त राहू नका. नवीन नोंदणी लागू व्हायला वेळ लागतो, त्यामुळे पहिलं बिल हाताने भरायचं की नाही ते बँकेला विचारून घ्या. आणि त्या दिवशी खात्यात पैसे हवेत. आपण व्यापारी लोक खातं रिकामं करून माल भरतो, तिथेच घात होतो.

आता सगळ्यांचा आवडता प्रश्न : "सर, तीन दिवस सवलत असते ना?" असते, पण कशाची? रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे थकबाकी शेवटच्या तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त राहिली तरच लेट फी लावता येते. व्याजाची गोष्ट वेगळी. पूर्ण बिल वेळेत पोहोचलं नाही तर बिनव्याजी मुदत जाऊ शकते, आणि मग व्याज खरेदीच्या दिवसापासून मोजतात. समजा ६०,००० ची एकच खरेदी, महिन्याला साडेतीन टक्के, पैसे पोहोचले ४० दिवसांनी. व्याज साधारण २,७६० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सव्वातीन हजारांच्या आसपास. एवढा नफा काढायला किती माळा विकाव्या लागतात, ते तुम्हीच मोजा.

मी आता बिल पाच दिवस आधी भरतो. सणाच्या खरेदीआधी तर आठवडाभर आधी, म्हणजे लिमिट मोकळी मिळते. तुमची उधारी महिन्याच्या दहा तारखेनंतर वसूल होत असेल तर बँकेला सांगून बिलाची तारीख बदलून घ्या. निदान एकदा तरी तशी मुभा द्यावीच लागते.

पैसे गेले आणि जमा दिसत नाहीत, असं झालं तर घाईत दुसऱ्यांदा भरू नका. आधी यूटीआर किंवा व्यवहार क्रमांक काढा आणि स्क्रीनशॉट ठेवा. पेमेंट फेल दाखवत असेल तर ज्या ॲपवरून किंवा बँकेतून भरलं तिथे तक्रार टाका. यशस्वी दाखवत असेल तर तोच क्रमांक घेऊन कार्डाच्या बँकेला फोन करा, आणि तक्रार नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.